‘आता चालतंय’ नावाची कमिट

मामांना शब्द देऊन बसलो होतो, की ऑक्टोबर छाटणीच्या आत पिंपळगावच्या द्राक्षबागेतलं हवामान केंद्र चालू करून देतो. छाटणीनंतर पानं किती वेळ ओली राहिली ते कळलं, की डाऊनी या बुरशीच्या रोगाची फवारणी कधी घ्यायची याचा अंदाज बांधता येतो. केंद्र म्हणजे फार काही नाही. एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), आरएस-४८५ जोडणीच्या दोन वायरी आणि त्यांवर मॉडबस या ठरलेल्या भाषेत बोलणारे चार सेन्सर.

सेन्सर वाचायला जी ओपन सोर्स लायब्ररी घेतली, तिला शून्याखालचं तापमान कळत नव्हतं. सेन्सर तापमान दहापट करून १६ बिटांत पाठवतो. त्यातलं ऋण चिन्ह न ओळखता आकडा वाचला, तर उणे १२.४ चे थेट ६५४१.२ अंश होतात. हे मला आमच्या नाशिकमधल्या, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये कळलं, सेन्सर फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीवर ठेवून. (बायकोचं म्हणणं होतं, मटार आधी बाहेर काढ. रास्त होतं.) निफाड तालुक्यात पारा हिवाळ्यात कुठवर उतरतो हे नाशिककरांना सांगायला नको, त्यामुळे दुरुस्ती हवीच होती. ती केली, आणखी दोनचार गोष्टी सुधारल्या आणि सगळं उत्साहात प्रोजेक्टला पाठवून दिलं.

प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरचं उत्तर दोन ओळींचं होतं. दुरुस्ती बरोबर दिसते, पण या १९ कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) मी वाचणार नाही. एका कमिटमध्ये एकच बदल ठेवा आणि प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बिल्ड होऊ द्या, म्हणजे तेवढ्यापुरता कोड जुळून चालू द्या.

राग आला. कोड चालतोय ना, मग झालं की! पण रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो आणि बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधला स्वतःचा लॉग वाचला, तेव्हा लाज वाटली. ‘बघू’. ‘परत बघू’. ‘मामाकडचं सेटिंग’. ‘काढलं’. ‘आता चालतंय’. त्यानंतर लगेच ‘नाही चालत’, आणि मग पुन्हा ‘आता चालतंय’. उद्या कुणी बायसेक्ट लावून चूक शोधायला लागला तर? बायसेक्ट दर वेळी इतिहास अर्ध्यात कापतो, म्हणून हजार कमिटमधली बिघडलेली कमिट साधारण दहा फेऱ्यांत सापडते. पण मधल्या कमिट बिल्डच होत नसतील, तर तो बिचारा अर्ध्या वाटेत अडकतो. माझ्या १९ पैकी निदान सहा तशा होत्या.

आधी ‘जुनी-घाण’ नावाची ब्रँच (इतिहासाची वेगळी फांदी) करून सगळं जसंच्या तसं बाजूला ठेवलं, मग इंटरॅक्टिव्ह रिबेस, म्हणजे जुन्या कमिट नव्याने रचायची गिटची सोय, उघडली. चार पॅच (पाठवायचे सुटे बदल) करायचे ठरवले: चिन्हाची दुरुस्ती, तिची टेस्ट, एरर मेसेज आणि टायमिंग. ‘बघू’वाल्या फिक्सअप केल्या, म्हणजे आधीच्या कमिटमध्ये मिसळल्या, काही ड्रॉप केल्या. दोन कमिटमध्ये सगळीच खिचडी होती. त्या एडिटला थांबवून रीसेट केल्या, म्हणजे उलगडल्या, आणि ‘ॲड मायनस पी’ ही आज्ञा लावून तुकडा तुकडा वेगळा काढला. तांदळातले खडे वेचावेत तसं हे काम. सवय झाली की बरं वाटतं.

‘मामाकडचं सेटिंग’ उघडली आणि चहा थंड झाला. त्यात मामांच्या वायफायचा पासवर्ड होता. पुढच्या ‘काढलं’मध्ये मी तो काढला होता, पण इतिहासात तो तसाच बसून होता, आणि ही ब्रँच माझ्या सार्वजनिक फोर्कवर (प्रोजेक्टच्या माझ्या प्रतीवर) तीन दिवस पडून होती. ड्रॉप करून फोर्स पुशने जुन्यावर नवा इतिहास चढवला तरी मधल्या काळात कुणी उतरवून घेतलं असेल तर आपण काय करणार? अशा वेळी इतिहास पुसायचा तो पुसायचाच, पण पासवर्डही बदलायचा. मामांना फोन लावला.

‘मामा, वायफायचा पासवर्ड बदलावा लागेल. माझ्याकडून चूक झाली.’

‘आता रं? मग तुझं ते यंत्र बंद पडंल ना?’

‘संध्याकाळी बदला. मी पुढच्या रविवारी येऊन त्यात नवा टाकतो.’

‘बरं. आता चालतंय बघ ते झकास. त्या गुरुवारी राती वायर ढिली निघाली, म्या स्क्रू आवळला, तवापासून एकदा बी बंद नाही पडलं.’

‘कोणती वायर?’

‘ती पिवळी. तुला फोटो टाकलाय की!’

फोटो शोधला. गुरुवार, रात्री ९ वाजून ५० मिनिटं. मग दुसऱ्या ‘आता चालतंय’ची तारीख पाहिली. रिबेसमध्ये कमिटची तारीख बदलते, पण मूळ लेखनाची तारीख तशीच राहते. गुरुवार, रात्री १० वाजून १५ मिनिटं.

त्या कमिटमध्ये एकच ओळ होती: सेन्सरला प्रश्न विचारण्याआधी ५० मिलिसेकंद थांबा. त्या रात्री मी नाशिकमधून बागेतल्या रास्पबेरी पायवर लॉगिन करून बसलो होतो आणि टाइमआउट येत होते, म्हणजे सेन्सरचं उत्तर वेळेत येत नव्हतं. वैतागून ही ओळ घातली, टाइमआउट थांबले, आणि मी झोपायला गेलो.

खरं तर सकाळपासून मी या टायमिंगच्या पॅचच्या संदेशापाशीच अडलो होतो. शीर्षक सुचलं होतं, पण खाली ‘का’ लिहायची वेळ आली की बोटं थांबत. ५० च का? मॉडबसच्या आरटीयू या प्रकारात दोन फ्रेमच्या (संदेशांच्या) मध्ये साडेतीन अक्षरांएवढी शांतता लागते. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक अक्षर ११ बिटांचं धरलं, तर हे साधारण ४ मिलिसेकंद होतात. लायब्ररी तेवढं आधीच थांबत होती. माझ्या ५० ला काही आधारच नव्हता.

पासवर्ड बदलायला अजून अवकाश होता. रास्पबेरी पायवर लॉगिन केलं, ती ओळ काढली आणि दर सेकंदाला चारही सेन्सर वाचायला लावले. दुपारचं जेवण झालं, एक डुलकी झाली. पाच वाजता पाहिलं तर एकही टाइमआउट नाही. म्हणजे पिंपळगावातला एक ढिला स्क्रू मी जगभरच्या लोकांच्या कोडमध्ये कायमचा बसवायला निघालो होतो. शे-दोनशे उपकरणं एका लाइनवर आळीपाळीने वाचणाऱ्या एखाद्या कारखान्यात प्रत्येक प्रश्नामागे ते ५० मिलिसेकंद जात राहिले असते, आणि कुणी काढायला धजलं नसतं. ‘कशासाठी तरी घातलं असेल’ म्हणून. सातपूरच्या नोकरीत अशा ओळी मीही सोडून दिल्यात.

चौथा पॅच ड्रॉप.

शेवटी ‘जुनी-घाण’शी डिफ काढला. फरक फक्त मुद्दाम काढलेल्या गोष्टींचाच दिसायला हवा होता. एक ओळ जास्तीची निघाली, तीही नेमकी चिन्हाचीच. दुपारी एका कॉन्फ्लिक्टमध्ये (दोन बदल एकाच जागी भिडले तिथे) मी ‘अवर्स’ घेतलं होतं. रिबेसमध्ये ‘अवर्स’ म्हणजे ज्यावर आपण रचतोय ती बाजू, आणि स्वतःची कमिट ‘दीअर्स’ असते. हा उलटा कारभार मला माहीत होता, तरी फसलो. रिफ्लॉगमधून (गिटने ठेवलेल्या मागच्या जागांच्या नोंदीतून) कॉन्फ्लिक्टच्या आधीची जागा गाठली आणि तेवढा भाग पुन्हा केला. या वेळी रिबेसला एक्झेक लावून प्रत्येक पॅचनंतर बिल्ड आणि टेस्ट चालवली. दुसऱ्या पॅचची टेस्ट तिसऱ्यातल्या फंक्शनवर अवलंबून निघाली. क्रम बदलला.

रात्री तीन पॅच पाठवले, ‘व्ही टू’ (दुसरी आवृत्ती) लिहून. सोबतच्या पत्रात टायमिंगचा पॅच का मागे घेतला तेही लिहिलं, स्क्रूसकट.

मंगळवारी उत्तर आलं. तिन्ही ठीक आहेत, फक्त पहिल्याच्या शीर्षकाच्या शेवटी पूर्णविराम आहे तो काढा. काढला.

पुढच्या रविवारी पिंपळगावला जाऊन पायमध्ये नवा पासवर्ड टाकला. निघताना पेटी उघडून पिवळ्या वायरीच्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला. अर्धा आटा अजून फिरला.