एकाच संगणकावरून अनेक प्लेअरांत गाणी भरताना

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या घरांत मागणी सुरू होते, "यात आरत्या भरून दे." आजोबांचा जुना आयपॉड, आईचा छोटा एमपी३ प्लेअर, गाडीतला पेनड्राइव्ह, भजनी मंडळाने सरावासाठी घेतलेले पाच-सहा एकसारखे स्वस्त प्लेअर, सगळे एकाच संगणकाला लागतात. गाणी हाताने ओढून टाकली तर पहिल्या खेपेला काम होते. पुढच्या खेपेपासून कुठल्या प्लेअरात काय आहे आणि कुठली प्रत जुनी आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एक नियम कसोशीने पाळावा. बदल करायचा तो संगणकावर, प्लेअरवर कधीही नाही.

संगणकावर दोन फोल्डर करा. 'मूळ' मध्ये सगळा संग्रह, शक्य असेल तिथे फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता साठवणारा फाइल-प्रकार). 'भरणा' मध्ये प्रत्येक प्लेअरच्या नावाचा वेगळा फोल्डर आणि त्यात त्या प्लेअरला झेपतील अशा एमपी३ प्रती. हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएसला (सेकंदाला किती डेटा, त्याचे माप) मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, ३२० ला २.४ एमबी. म्हणजे ८ जीबीच्या प्लेअरात १२८ ने सुमारे १३८ तास मावतात आणि ३२० ने ५५ तास. मंडळाच्या सरावाचे फोनवर केलेले ध्वनिमुद्रण ३२० मध्ये ठेवून काही मिळत नाही, त्याला ६४ केबीपीएस मोनो पुरे. नाट्यगीते आणि शास्त्रीय मैफली मात्र १९२ च्या खाली नेऊ नयेत, तंबोरा आणि तबल्याची चाट आधी बिघडते. प्लेअर काठोकाठ भरू नका. दहा टक्के जागा मोकळी ठेवा, कारण बरेच प्लेअर गाण्यांची यादीही तिथेच लिहितात.

यूएसबीला लावल्यावर जो प्लेअर पेनड्राइव्हसारखा ड्राइव्ह म्हणून दिसतो, त्याच्यासाठी विंडोजमधली रोबोकॉपी ही फोल्डरांची नक्कल करणारी आज्ञा उत्तम. 'भरणा' मधला फोल्डर, मग प्लेअरवरचा 'म्युझिक' फोल्डर, आणि पुढे दोन पर्याय, 'एमआयआर' (/MIR) आणि 'एफएफटी' (/FFT). पहिल्याने दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतात. नवे गाणे जाते, आणि संगणकावरून काढलेले प्लेअरवरूनही पुसले जाते. दुसरा हवा, कारण फॅट पद्धतीच्या (पेनड्राइव्ह आणि स्वस्त प्लेअरांत सहसा असते ती) ड्राइव्हवर फाइलची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते. तो नसेल तर न बदललेली गाणीही नवी समजून पुन्हा लिहिली जाऊ शकतात आणि पाच मिनिटांचे काम तासभर चालते. पहिल्यांदा 'एल' (/L) हा पर्यायही जोडा. तेव्हा काहीच लिहिले किंवा पुसले जात नाही, फक्त काय होणार त्याची यादी दिसते.

ही यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'एमआयआर' प्लेअरच्या मुळाशी, म्हणजे 'म्युझिक' फोल्डरऐवजी थेट ड्राइव्हवर चालवला तर आईने त्यातच रेकॉर्ड केलेली गौळण पुसली जाईल, कारण ती संगणकावर नाही. त्याहून मोठा धोका ड्राइव्हच्या अक्षराचा. आज आईच्या प्लेअरला एफ अक्षर मिळाले, उद्या तेच मंडळाच्या प्लेअरला मिळेल, आणि आज्ञा बिनबोभाट चुकीच्या प्लेअरवर चालेल. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन प्रत्येकाला पी, क्यू, आर अशी शेवटाकडची अक्षरे कायमची द्या. तरी एवढ्यावर विसंबू नका. अनेक स्वस्त प्लेअरांना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे यूएसबीचे भोक बदलले की विंडोज त्यांना नवा पाहुणा समजते. पक्का उपाय म्हणजे प्रत्येक प्लेअरच्या मुळाशी त्याच्या नावाची एक रिकामी मजकूर-फाइल ठेवायची आणि बॅच फाइलमध्ये (आज्ञा लिहून ठेवलेली फाइल) आधी ती आहे का हे तपासायचे. नसेल तर काहीही न करता थांबायचे. मंडळाचे सहा प्लेअर दिसायला सारखे असतील तर पाठीवर रंगीत टेपचा तुकडाही लावा.

आता क्रमाचे. भजनात क्रम पवित्र असतो. रूपाचा अभंग, पुढचे अभंग, गौळण आणि शेवटी भैरवी. सरावाला प्लेअर लावला आणि भैरवी मध्येच आली तर सगळे अडते. याचे कारण असे, की बरेच स्वस्त प्लेअर आणि गाड्यांचे स्टिरिओ गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत. फॅटच्या नोंदवहीत ज्या क्रमाने नावे लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात. रिकाम्या फोल्डरात पहिल्यांदा भरताना सहसा अडचण येत नाही, कारण संगणकाच्या एनटीएफएस (विंडोजची नेहमीची पद्धत) डिस्कवरून फाइली नावाच्या क्रमाने निघतात. पण नंतर एक अभंग पुसून दुसरा टाकला की नवी नोंद पुसलेल्याच्या रिकाम्या जागी बसते, किंवा थेट शेवटी जाते.

म्हणून फाइलींना सुरुवातीला ००१, ००२ असे तीन आकडी क्रमांक द्या, तेही इंग्रजी आकड्यांत. नुसते १, २ दिले तर १० हा २ च्या आधी येतो. क्रमाच्या फोल्डरात बदल झाला की तो फोल्डर प्लेअरवरून पूर्ण पुसून नव्याने भरा. रोबोकॉपीचा 'एमटी' (/MT) पर्याय इथे वापरू नका, त्याने एकाच वेळी अनेक फाइली लिहिल्या जातात आणि क्रम विस्कटतो. पुन्हा भरायला वेळ नसेल तर विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट आणि लिनक्सवर फॅटसॉर्ट ही छोटी साधने फक्त नोंदवही लावून देतात, गाण्यांना हात लावत नाहीत. फॅटसॉर्ट चालवण्याआधी ड्राइव्ह अनमाउंट करावा लागतो.

आयपॉडची रीत वेगळी. त्यात फाइल ओढून टाकली तर ती साठते, पण वाजत नाही, कारण आयपॉड स्वतःच्या डेटाबेसवर चालतो. आयट्यून्सच्या एका लायब्ररीला हवे तितके आयपॉड जोडता येतात आणि प्रत्येकाची निवड वेगळी लक्षात राहते. मात्र एक आयपॉड एका वेळी एकाच लायब्ररीचा असतो. दुसऱ्या घरच्या संगणकाला लावल्यावर 'पुसून सिंक करू का' असे विचारले जाते, तिथे नाही म्हणा. प्रत्येक आयपॉडला ओळखू येईल असे नाव द्या, त्याच्या नावाची प्लेलिस्ट करा आणि सिंकमध्ये 'निवडलेल्या प्लेलिस्ट' एवढेच चालू ठेवा. संग्रह मोठा असेल तर स्मार्ट प्लेलिस्टला जीबीची मर्यादा घालता येते. मॅकवर २०१९ च्या कॅटलिनापासून हेच काम फाइंडरमध्ये गेले आहे.

काही प्लेअर एमटीपी पद्धतीने जोडले जातात. त्यांना ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही, त्यामुळे रोबोकॉपी तिथे पोचत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबीसाठी एमएससी (ड्राइव्ह म्हणून जोडणे) हा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर म्युझिकबी किंवा मीडियामंकी हे संगीताचे सॉफ्टवेअर वापरा. दोन्हीत प्रत्येक उपकरणाच्या वेगळ्या प्लेलिस्ट ठेवता येतात आणि सिंक करतानाच फ्लॅकचे एमपी३ होते.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील तर दोष बहुधा टॅगचा, म्हणजे फाइलीत लिहिलेल्या नाव-गायकाच्या माहितीचा. एमपी३टॅग या साधनाच्या पर्यायांत आयडी३ व्ही२.३, यूटीएफ-१६ हा टॅगचा प्रकार निवडा आणि व्ही१ टॅग काढून टाका. व्ही१ मध्ये देवनागरी मावतच नाही, आणि काही प्लेअर तोच टॅग आधी वाचतात. एवढे करूनही चौकोन दिसले किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली, तर प्लेअरला देवनागरी जमत नाही. 'भरणा' मधल्या त्याच्या प्रतींना रोमन नावे द्या, 'मूळ' तसेच राहू द्या.

तारा आणि वीज यांकडे दुर्लक्ष नको. प्लेअर चार्ज होतो पण संगणकाला दिसत नाही, तेव्हा आधी तार बदला, अनेक तारांत डेटाच्या वायरी नसतातच. यूएसबी २ चे एक भोक ५०० मिलिअँपिअर देते, म्हणून सहा प्लेअर एका साध्या हबवर लावले की मधूनच एकेक गळतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम काढू नका, लॅपटॉप बरा. लिहिताना वीज गेलीच तर आधी चेकडिस्क (ड्राइव्हमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा) चालवा, मग पुन्हा भरा. एखाद्या नव्या मेमरी कार्डात ठरावीक गाण्यापुढे सगळे मुके निघाले तर कार्डाची क्षमता खोटी असण्याची शक्यता मोठी. एच२टेस्टडब्ल्यू हे साधन कार्ड पूर्ण लिहून, परत वाचून खरा आकडा सांगते. ही तपासणी रिकाम्या कार्डावर, गाणी भरण्याआधीच करावी.

शेवटचा मुद्दा आवाजाचा. जुने नाट्यसंगीत हळू आणि त्यापाठोपाठ घुमट आरती कानठळ्या बसवणारी, असे होऊ नये म्हणून 'भरणा' मधल्या प्रतींवर एमपी३गेन हे साधन चालवा. ते ८९ डेसिबलच्या आसपास सगळे आणते, १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी, आणि गाणे पुन्हा एन्कोड करत नाही. एका मैफलीच्या फाइलींना 'अल्बम' पर्याय लावा, नाहीतर विलंबित आणि द्रुत एकाच पातळीवर येतात.