लय एकच, सम वेगळी: चार लेनच्या सर्डेसमध्ये क्लॉक जुळवताना

सर्डेस म्हणजे चिपमधला समांतर डेटा एकामागोमाग बिटांच्या रूपात पाठवणारं आणि घेणारं सर्किट; त्याची प्रत्येक वाहिनी म्हणजे लेन. एकाच पीएलएलमधून (क्लॉक तयार करणारं सर्किट) चार लेनना क्लॉक दिलं, क्लॉक ट्री (ते वाटणारं बफरांचं जाळं) नीट बॅलन्स केलं, स्क्यू (पोचण्याच्या वेळेतला फरक) २० पिकोसेकंदांच्या आत आणला. तरीही दर रीसेटनंतर लेन एकमेकींच्या मागेपुढे येतात, आणि दर वेळी वेगळ्या अंतराने. अशा वेळी ट्रीवर आणखी आठवडा घालवू नये. दोष बहुतेकदा प्रत्येक लेनच्या आतल्या डिव्हायडरचा (क्लॉक भागून संथ करणाऱ्या काउंटरचा) असतो. सगळे एकाच लयीत वाजवताहेत, पण प्रत्येकाची सम वेगळ्या मात्रेवर पडते आहे.

एक ठरावीक रचना घेऊ. लेनचा वेग १० गिगाबिट, म्हणजे एक बिट १०० पिकोसेकंदांचा. हाफ-रेट ट्रान्समीटर, म्हणजे क्लॉकच्या चढत्या-उतरत्या दोन्ही एजवर एकेक बिट जातो, त्यामुळे वाटायचं क्लॉक ५ गिगाहर्ट्झ, त्याचा पिरियड २०० पिकोसेकंद. कोअरकडून (चिपच्या मुख्य लॉजिककडून) २० बिटांचा वर्ड येतो, म्हणून प्रत्येक लेन हे क्लॉक दहाने भागून स्वतःचं ५०० मेगाहर्ट्झचं वर्ड क्लॉक बनवते. दहाच्या डिव्हायडरला दहा अवस्था, आणि पॉवर आल्यावर तो कुठल्या अवस्थेत उठेल याचा नेम नाही. दोन लेनमधला फरक २०० पिकोसेकंदांच्या पटीत, थेट १.८ नॅनोसेकंदांपर्यंत जाऊ शकतो.

‘रिसीव्हर डी-स्क्यू करतोच की (लेनमधला फरक भरून काढतोच की)’ हे उत्तर अर्धवट आहे. पीसीआय एक्सप्रेसचा रिसीव्हर ८ गिगाट्रान्सफरला ६ नॅनोसेकंद आणि १६ ला ५ नॅनोसेकंद लेन-स्क्यू सहन करतो हे खरं, पण त्यात पॅकेज, बोर्ड, कनेक्टर सगळ्यांचा वाटा असतो. मोठं दुखणं चिपच्या आतच आहे. वर्ड क्लॉकचा फेज ठाऊक नसेल तर कोअरच्या ५०० मेगाहर्ट्झ क्लॉकवरून लेनमध्ये येणाऱ्या डेटाच्या सेटअप-होल्डची (एजच्या आधी आणि नंतर डेटा स्थिर राहायच्या वेळेची) खात्रीच देता येत नाही. मग मध्ये फिफो (डेटा आला त्याच क्रमाने पुढे देणारा बफर) टाकावा लागतो, लेटन्सी वाढते, आणि फिफोचे पॉइंटर चारही लेनमध्ये एकदम सोडायचा प्रश्न उरतोच.

तेव्हा खरं काम एकच: चारही डिव्हायडरचा रीसेट ५ गिगाहर्ट्झच्या एकाच एजवर सुटला पाहिजे.

इथली सर्वांत नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक लेनमध्ये स्वतंत्र दोन-फ्लॉप सिंक्रोनायझर (बाहेरचा सिग्नल क्लॉकशी जुळवून घेणारे दोन फ्लिप-फ्लॉप). कागदावर ते अगदी शिस्तशीर दिसतं. पण असिंक्रोनस रीसेट जर क्लॉक एजच्या अगदी जवळ सुटला, तर एका लेनचा पहिला फ्लॉप तो याच एजला पकडतो आणि शेजारचा पुढच्या. मेटास्टेबिलिटी (फ्लॉपचं ० आणि १ च्या मध्ये अडकणं) दोघांनीही निस्तरली, तरी लेन एका सायकलने फुटल्याच. सिंक्रोनायझर एकाच ठिकाणी हवा, आणि तोही संथ क्लॉकवर. पीएलएलजवळ एक मास्टर डिव्हायडर ठेवून त्याच्या ५०० मेगाहर्ट्झवर रीसेट सिंक करा. स्थिरावायला २०० पिकोसेकंदांऐवजी २ नॅनोसेकंद मिळतात. फेज आधीच ठाऊक असल्यामुळे तिथून ५ गिगाहर्ट्झवर रीटाइम करणं (त्या क्लॉकच्या फ्लॉपने पुन्हा पकडणं) हा नेहमीचा टायमिंग पाथ होतो.

आता लेनना रीसेटचं वाटप. २०० पिकोसेकंदांतून फ्लॉपचं सेटअप-होल्ड ३०, क्लॉक स्क्यू २०, जिटर (एजची थरथर) १० वजा केलं तर १४० उरतात. रीसेटची तार क्लॉकपेक्षा उशिरा पोचली तरी चालतं. तो उशीर कॉर्नरनुसार (प्रोसेस, व्होल्टेज, तापमानाच्या टोकाच्या स्थितींनुसार) बदलला की पंचाईत. क्लॉक सीएमएल (करंट वळवून चालणाऱ्या वेगवान) बफरमधून जातं, रीसेट साध्या सीएमओएस बफरमधून, आणि दोघांचे डिले व्होल्टेज-तापमानाला सारखे हलत नाहीत. एका लांब सीएमओएस साखळीचा डिले फास्ट कॉर्नरपासून स्लो कॉर्नरपर्यंत सहज दुप्पट होतो. टिपिकलला मधोमध बसलेला रीसेट स्लोला पुढच्या सायकलमध्ये घसरतो.

म्हणून लांब तार टाकूच नये. प्रत्येक लेनमध्ये एक रीटाइमिंग फ्लॉप ठेवून रीसेट शेजारून शेजारी पुढे सरकवावा. तसं केल्यावर प्रत्येक टप्प्याला रीसेट एक सायकल उशिरा सुटतो, तो हिशेब प्रीसेट व्हॅल्यूने भरून काढायचा: पीएलएल एका टोकाला असेल तर पहिल्या लेनचा डिव्हायडर ० वर धरा, दुसरीचा १ वर, मग २, ३. पीएलएल मध्ये असेल तर दोन्ही बाजूंना ०, १. साखळी क्लॉकच्याच दिशेने धावत असेल तर होल्ड तपासा, उलट दिशेने असेल तर सेटअप.

दुसरा मार्ग दिसायला फार देखणा: मुळाशी क्लॉक थांबवायचं, सगळे डिव्हायडर निवांत रीसेट करायचे, मग ग्लिच न येऊ देता क्लॉक सोडायचं. पहिली एज सगळ्यांना सारखीच. पण क्लॉकच्या वाटेत एसी-कपलिंग (मध्ये कपॅसिटर) असेल तर थांबलेल्या काळात बायस सरकतो, पहिले काही पल्स अरुंद होतात आणि एखादी लेन त्यातला एक गिळून बसते. शिवाय सगळी लोड एकदम चालू झाल्याने सप्लाय खाली बसतो. पूर्ण डीसी-कपल्ड सीएमओएस वाटप असेल तरच याच्या वाटेला जावं. पीएलएलचा फीडबॅक गेटच्या आधी घ्यायचा, हे वेगळं सांगायला नको.

पीएलएल लॉक होण्याआधी रीसेट सोडू नका. लॉक होताना फ्रिक्वेन्सी क्षणभर ५ गिगाहर्ट्झच्या वर उडी मारते, आणि त्या क्षणी रीटाइमिंगचं बजेट लागू नसतं. लिंकचा वेग बदलला की पुन्हा सगळा क्रम पहिल्यापासून.

सिम्युलेशनवर मात्र फार विसंबू नये. साध्या आरटीएलमध्ये (सर्किटच्या कोडरूप वर्णनात) तारांना डिले नसतो, त्यामुळे रीसेट चारही लेनना एकाच क्षणी सुटतो आणि टेस्ट कायम पास. डिव्हायडरना रँडम सुरुवातीची अवस्था द्या आणि रीसेटच्या प्रत्येक फांदीवर वेगळा रँडम डिले टाका. खरे बग तेव्हा बाहेर येतात.

सिलिकॉनवर तपासताना सगळ्या लेनवर दहा एक आणि दहा शून्यांचा वर्ड पाठवा. बाहेर ५०० मेगाहर्ट्झची चौकोनी लाट दिसते आणि दोन लेनमधला फेज स्कोपवर थेट मोजता येतो. केबल अदलाबदल करून दोन्ही मापांची सरासरी घ्या, म्हणजे केबलचा फरक निघून जातो. मग स्क्रिप्ट लावून हजारभर रीसेट करा आणि हिस्टोग्राम पाहा. एकच शिखर असून ते तापमानाबरोबर काही पिकोसेकंद सरकत असेल तर ट्रीकडे बघा. मुख्य शिखरापासून बरोबर २०० पिकोसेकंदांवर चारदोन नोंदींचं दुसरं टेकाड दिसलं, तर रीसेट सायकलच्या सीमेवर सुटतो आहे. व्होल्टेज पाच टक्के खाली आणून हीच स्क्रिप्ट पुन्हा चालवा, टेकाडाची उंची बदलते का ते लगेच कळेल.