वाकून चालण्याचा तास
बी.ए.च्या वर्गात हा प्रयोग मी वर्षानुवर्षं रंगवून सांगायचे. न्यूयॉर्क, १९९६. मानसशास्त्रज्ञ जॉन बार्ग यांनी विद्यार्थ्यांना विस्कटलेली वाक्यं जुळवायला दिली. काहींच्या वाक्यांत ‘सुरकुत्या’, ‘फ्लोरिडा’ (अमेरिकेतल्या निवृत्तांचं आवडतं राज्य) असे म्हातारपण सुचवणारे शब्द. ती मुलं म्हणे नंतर कॉरिडॉरमधून हळू चालली. इथे मी वाकून चालून दाखवायचे, वर्ग हसायचा.

२०१२ मध्ये ब्रसेल्सला हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा स्टॉपवॉचऐवजी इन्फ्रारेड सेन्सर लावून १२० जणांना चालवलं. फरक नाही! मग प्रयोग घेणाऱ्यांनाच ‘ही मुलं हळू चालतील’ असं सांगून ठेवलं, तेव्हा मात्र चाल मंदावली. म्हणजे प्राइमिंग (नकळत मनावर होणारा सूचनेचा परिणाम) नेमकं कुणाचं झालं होतं? (बहुधा माझंही.)

आता दोन्ही प्रयोग एकाच तासात घेते. वाकून चालणं चालूच आहे. गुडघे तसेही ऐकत नाहीत.