आंब्यावरचा चिस्वी

दसऱ्याच्या आसपास सोसायटीतल्या आंब्यावर "चिस्वी, चिस्वी" सुरू होतं आणि पार एप्रिलपर्यंत चालूच राहतं. आवाज ऐकणारे खूप, पक्षी बघितलेले अगदी थोडे. हा ग्रीनिश वॉर्बलर, आपला पर्णवटवट्या, चिमणीपेक्षाही लहान, वजन जेमतेम आठ ग्रॅम, रंग पानातच मिसळणारा मळकट हिरवा, आणि एका जागी दोन सेकंद बसेल तर शपथ! नशिबाने दिसलाच तर डोळ्यावरची लांब फिकट भुवई आणि पंखावरची बारीक पांढरट रेघ तेवढी बघून घ्यायची.

मला गंमत वाटते ती त्याच्या तोऱ्याची. हिवाळाभर प्रत्येकाचा स्वतःचा इलाका, नराचा वेगळा, मादीचा वेगळा, आणि दुसरा कोणी घुसला की चिस्वी चिस्वी करत त्याच्या मागे लागायचं. भारतातच पक्ष्यांच्या पायात खुणेची कडी घालून अभ्यास झालाय, तेच पक्षी पुढच्या हिवाळ्यात परत त्याच जागी सापडलेत. घरटं मात्र हिमालयात, सायबेरियात, थेट पूर्व युरोपातल्या जंगलात, तेही बहुतेक जमिनीवर. तिथला मुक्काम मोजक्या महिन्यांचा, वर्षाचा मोठा भाग जातो इथे नाहीतर वाटेत, तरी तो म्हणे पाहुणा.

आणि इथे काय नुसता बसून खातो का? दिवसभर एकेक पान तपासत फिरतो. परवा बाल्कनीतून बघत होतो, पानाच्या खाली क्षणभर हवेतच फडफडला, छोटीशी हिरवी अळी उचलली, फांदीवर बसून गिळली की लगेच पुढचं पान. अळ्या, मावा, कोळी, सगळं चालतं. सह्याद्रीच्या जंगलात तर सुभग, निखार, वल्गुली असल्या छोट्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यात घुसून हेच काम. फेब्रुवारीत बाकी झाडांची पानं झडली की किडेही कमी होतात, मग आंबा, जांभूळ असली भरगच्च झाडं त्याला फार महत्त्वाची ठरत असणार.

आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघालाय, गाड्यांवर पानं पडतात, आंबा छाटा. मी म्हटलं निदान मेपर्यंत थांबा, तोवर चिस्वी गेलेला असतो. पण मेमध्ये त्यात बुलबुलांची घरटी असतात, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.