दिंडीचा नेम आणि दिंडीची तक्रार

ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्यात रथामागच्या एका दिंडीबरोबर मी आळंदीहून पंढरपूरपर्यंत चाललो. शेतकरी, प्राथमिक शिक्षक, निवृत्त कारकून, शेतमजूर बायका अशी एरवी एकमेकांच्या ओसरीवरही न चढलेली माणसे इतके दिवस एका शिस्तीत कशी चालतात, हे मला जवळून पाहायचे होते. मी एका धार्मिक न्यासाच्या कार्यालयात काम करतो, आणि तिथे चार माणसांचे एका मुद्द्यावर एकमत होईपर्यंत चहाच्या दोन फेऱ्या होतात.

दिंडीत एकमताची बैठक होत नाही, कारण बहुतेक गोष्टी निघण्यापूर्वीच ठरलेल्या असतात. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास, रोजचा हरिपाठ आणि भेटेल त्याच्या पाया पडणे हा नेम प्रत्येकाने आपल्या घरीच स्वीकारलेला असतो. हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला जी घडी घालून दिली, तिच्यात दिंड्यांचा क्रमही ठरलेला आहे. रथापुढे २७ दिंड्या चालतात, बाकीच्या रथामागे, आणि कोणी कितीही मोठा असला तरी आपली जागा सोडून पुढे घुसत नाही. दिंडीच्या आतही पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात पखवाज, मागे विणेकरी आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया असा क्रम असतो. दिवे घाटाच्या चढावर धाप लागली तरी रांग मोडत नव्हती, कारण अभंगाचे चरण रांगा आळीपाळीने म्हणत होत्या आणि एकाने ताल सोडला तर शेजारच्याला ते लगेच कळत होते.

तरीही दिंडीत कुरबूर नसते असे सांगणारा माणूस एक तर दिंडीत चाललेला नसतो किंवा स्वयंपाकाच्या तंबूत कधी डोकावलेला नसतो. पाण्याचा टँकर, तंबूची जागा, पुढे गेलेला सामानाचा ट्रक यांवरून रोज काही ना काही होतेच. सोहळ्याने त्यासाठी जी सोय ठेवली आहे, तिचे मला फार कौतुक वाटते. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात आणि टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असताना चोपदार हातातला दंड उंचावतो. त्या क्षणी हजारो टाळ थांबतात. मात्र जिची तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, हरवल्या-सापडल्याची माहितीही तिथेच सांगितली जाते आणि त्यानंतर आरती होते. तक्रार करणे हा अनादर मानला जात नाही, आणि माझ्या मते या संघटनेच्या टिकाऊपणाचे अर्धे रहस्य इथेच आहे.

आमच्या दिंडीतली खरी तक्रार मात्र आरतीपर्यंत जाण्याजोगी नव्हती. वाटेत सगळे एकमेकांना माऊली म्हणत, पण मुक्कामाला पोहोचल्यावर पुरुष पाय चेपत बसत आणि तितक्याच चाललेल्या बायका भाकऱ्या थापायला बसत. फलटणच्या मुक्कामी पंगत उठल्यावर एका वयस्कर मावशींनी पातेल्याला लागलेली पिठल्याची खरपूड कालथ्याने खरवडता खरवडता दिंडीप्रमुखांना सरळ विचारले, "महाराज, वाटेत आम्ही माऊली, मग चुलीपाशी कोण?" महाराज थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी धोतराचा काचा मारला आणि ते पातेले घेऊन स्वतः टँकरकडे गेले. त्यांच्यामागून विणेकरी उठले, मग टाळकरी उठले. दुसऱ्या दिवसापासून भांडी आणि पाणी पुरुषांकडे आले. भाकऱ्या मात्र बायकांनी आपल्याकडेच ठेवल्या, कारण आमच्यापैकी दोघांनी करून पाहिलेल्या भाकऱ्या कोणालाच खाववेनात.