भरती-ओहोटीचा तास आणि फडावरून आलेला फोन

आमची जिल्हा परिषदेची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे आणि माझ्या वर्गातल्या एकाही पोराने समुद्र पाहिलेला नाही. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा, दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवरचा व्हिडिओ घरी बघा, उद्या वर्गात बोलू, असं मी सांगायचे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हापासूनची ही सवय. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा पुन्हा भरली तरी निम्मा अभ्यास फोनवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी तीच चार-पाच पोरं हात वर करायची, बाकीच्यांच्या माना खाली. मला तो आळस वाटायचा. शेवटी घरोघर फिरले. फोन वडिलांच्या खिशात आणि वडील रात्री नऊला घरी. एका घरात तीन भावंडांत एक फोन, त्याचा डेटा दुपारीच संपलेला. दिवाळीनंतर तर कित्येकांचे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडे गेलेले, घरी आजी आणि तिचा बटनाचा फोन. ज्यांनी व्हिडिओ पाहिला होता, त्यांनाही त्यातलं सांगता येईना. बघताना काय शोधायचं, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती.

मग मी उलटं केलं. व्हिडिओ आधीच डाउनलोड करून वर्गात आणला आणि घरी असा अभ्यास दिला, ज्याला फोन लागत नाही. भरती येते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीने, म्हणून दत्त जयंतीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच रात्री चांद किती वाजता दिसतो, ते वहीत लिहायचं.

एक मुलगी आईवडिलांबरोबर सांगलीकडे उसाच्या फडावर गेली होती. हजेरीत नाव, वर्गात जागा रिकामी. तिच्या वडिलांना फोन करून तिलाही हा अभ्यास सांगितला. दुसऱ्या रात्री तिचाच फोन: "मॅडम, लिहून घ्या. काल सातच्या आत निघाला, आज आठ वाजत आले." रोज सकाळी तिची वेळ मी बाकीच्यांच्या वेळांखाली फळ्यावर लिहायचे. पोरं आल्या आल्या आधी तीच ओळ बघायची.

पाचव्या रात्री दहा वाजून गेले होते. फळ्यावरच्या वेळांची वजाबाकी पोरांनीच केली: रोज साधारण ५० मिनिटं उशीर. का? मैदानात एकाला पृथ्वी केलं, एकीला चंद्र. पृथ्वीची एक गिरकी होईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी थोडं फिरावं लागतं, हे पोरांना पायांनी कळलं. त्यानंतर व्हिडिओ लावला. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, इथे तो थांबवला आणि विचारलं: आज दुपारी १२ ला भरती आली, तर उद्या दुपारची कधी? लाईट गेली, टीव्ही बंद पडला, तरी कुणी जागचं हललं नाही. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "१२ वाजून ५० मिनिटांनी!" तिथली पोरं वर्षभर गप्प असायची.

त्या संध्याकाळी मी फडावर फोन लावला आणि वर्गात काय झालं ते सगळं तिला सांगू लागले. तिने मध्येच थांबवलं.

"उत्तर नका सांगू, मॅडम. तो प्रश्न मला बी इचारा."