पाच किलोचं माप

मे महिन्यात दुपारी साडेतीनला महात्मा गांधी रोडवरच्या आमच्या गाळ्यातला पंखासुद्धा गरम वारा मारतो. गिऱ्हाईक नव्हतं. पोऱ्या चार्जरचे तुटके जॅक बदलत बसला होता आणि मी ताक पीत होतो. तेवढ्यात निफाडकडचे एक नाना आले. डोक्याला टोपी, बगलेत कापडी पिशवी, पिशवीत लॅपटॉप.

"भाऊ, याचा माऊस गेलाय बघा. दाबलं तरी दबतच नाही."

टचपॅड दबत नाही म्हणून रोज कुणीतरी येतं. कधी आत कचरा असतो, कधी चहा सांडलेला असतो. मी लॅपटॉप काउंटरच्या काचेवर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. लॅपटॉप पाळण्यासारखा डुलला. ताकाचा ग्लास मी बाजूला ठेवला.

एरवी बॅटरीची शंका आली की मी आधी मशीन चालू करून विंडोजमधल्या पॉवरसीएफजी या कमांडनं बॅटरी रिपोर्ट काढतो. बॅटरी नवीन असताना किती भरायची आणि आता किती भरते, हे दोन आकडे त्यात शेजारी शेजारी दिसतात. तीनशे ते पाचशे वेळा भरून रिकामी झाली की बॅटरी दमतेच, त्यात कुणाची चूक नसते. दमलेली बॅटरी तासाभरात मान टाकते, एवढंच. पण हा लॅपटॉप मी चालूसुद्धा केला नाही. दमणं वेगळं आणि फुगणं वेगळं.

"नाना, चार्जिंग किती आहे आत्ता?"

"शंभर टक्के. सकाळीच फुल करून आणलाय, तुम्हाला तपासायला बरं पडावं म्हणून."

माणूस सज्जन असला की असं होतं. फुगलेली बॅटरी उघडायची तर ती जितकी रिकामी तितकं बरं, कारण बिघडलं तर पेटायला आत दम कमी असतो.

नानांची द्राक्षबाग. माल परदेशी जातो, त्यामुळे कुठल्या प्लॉटवर कुठलं औषध कधी मारलं आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवली, याची सगळी नोंद या लॅपटॉपवर. एप्रिल छाटणी उरकली तेव्हा कुठे त्यांना नाशिकला यायला सवड झाली. लॅपटॉपचा मुक्काम पॅकिंगच्या शेडमध्ये. वर पत्रा, आणि लाइटचा भरवसा नाही म्हणून चार्जर कायमचा लावलेला. बॅटरीला मारायचं असेल तर याहून चांगली सोय करता येत नाही. सेल सतत काठोकाठ भरलेला आणि वरून उष्णता, म्हणजे आतला द्रव विघटित होऊन त्याचा वायू बनतो. जुन्या लॅपटॉपमध्ये 18650 म्हणतात ते नळीसारखे सेल असायचे, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब, पत्र्याच्या डब्यात बंद. आता सगळे पातळ चंदेरी पाऊच. वायूला बाहेर जायला वाट नाही, मग पाऊच पापडासारखा फुलतो आणि वरचं टचपॅड उचलतो.

"फट दिसायला लागली होती," नाना म्हणाले. "मंग नातवानं रात्रीचं वर माप ठेवलं."

"कसलं माप?"

"काट्याचं. पाच किलोचं."

पोऱ्या हसला. मला हसू आलं नाही. सेलमध्ये दोन थरांच्या मधे कागदापेक्षाही पातळ पडदा असतो. दाबाखाली तो फाटला की आतल्या आत शॉर्ट, आणि शेडमध्ये खोक्यांची चळत.

पोऱ्याला मागचं दार उघडायला सांगितलं, कोरड्या वाळूची बादली जवळ ओढली, चष्मा लावला आणि नानांना बाहेर चहाच्या टपरीवर पाठवलं. जायला तयार नव्हते. त्यांना वाटत होतं की बॅटरी काढली की नोंदी जातील. नोंदी वेगळ्या जागी असतात, बॅटरी काढली तरी त्यांना धक्का लागत नाही, हे तीनदा सांगितल्यावर गेले.

स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे सैल करत आणले. शेवटचा सुटला तसं झाकण आपोआप टक्कन वर आलं. आत तीन पाऊच, मधला सर्वांत जास्त फुगलेला. आधी बोर्डावरून बॅटरीची पिन काढली. मग कडेला चिकटवलेला पांढरा स्टिकर दिसला. त्यावर तारीख, खाली सही.

सही माझी.

दीड वर्षापूर्वी ही बॅटरी मीच बसवली होती. चेहरा लक्षात राहिला नव्हता, पण स्टिकर पाहिला आणि सगळं आठवलं. कंपनीची बॅटरी पावणेपाच हजाराला होती आणि कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेली पण त्यात बसणारी, एकोणीसशेला. त्या वेळी नानांचा मुलगा आला होता. त्यानं विचारलं होतं, "ही चालेल ना?" मी म्हणालो होतो, "चालेल की." मुंबईच्या एका होलसेलवाल्याकडून दहा नग आणले होते. जागेवर किंचित सैल बसायची म्हणून खाली डबल टेपही मीच मारला होता, चांगला भरपूर.

आता तोच टेप सुटेना. पोऱ्यानं सवयीनं चपटा स्क्रूड्रायव्हर पुढे केला. मी त्याच्यावर ओरडलो, आणि ओरडलो ते खरं तर कुणावर हे मला माहीत होतं. पाऊचला लोखंड लावायचं नसतं. कडेनं आयपीएचे, म्हणजे गोंद सैल करणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे, चार थेंब सोडले, पाच मिनिटं थांबलो, मग पतंगाची साधी सद्दी खालून घालून हळूहळू करवतीसारखी ओढत गेलो. मांजा नव्हे, त्याला काच असते. दोन सेल सुटले. तिसऱ्याला गोडसर वास आला, नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा. म्हणजे कुठेतरी शिवण उसवली होती. दोघंही मागच्या बोळात जाऊन उभे राहिलो. दहा मिनिटं काही झालं नाही. परत येऊन उरलेला टेप सोडवला, पिनेवर चिकटपट्टी लावली, बॅटरी वाळूत ठेवली आणि बादली बोळात उन्हाच्या बाहेर.

नाना आले तेव्हा टचपॅड टक्टक वाजत होतं. अ‍ॅडॉप्टर लावून लॅपटॉप चालू करून दाखवला, सगळ्या नोंदी जागेवर. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. वॉरंटी सहा महिन्यांची होती, केव्हाच संपलेली. पण स्टिकर पोऱ्यानंही वाचला होता. मी नानांना सांगून टाकलं.

त्यांनी टोपी काढली, घाम पुसला. "म्हंजे हा बॉम्ब तुम्हीच बसवला व्हता व्हय?"

"बॅटरी मी दिलेली. चोवीस तास चार्जिंग तुमचं. माप नातवाचं."

"माप घरचंय," नाना म्हणाले. "त्याचं काय ते आम्ही बघू. तुमचं बोला."

कंपनीची बॅटरी मला पडते त्या भावात द्यायची ठरली. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय त्या लॅपटॉपमध्ये होतीच, ती चालू करून दिली. मग नानांनी जुनी बॅटरी मागितली. पैसे मोजलेत, भंगारवाला काहीतरी देईलच. दिली नाही. भंगारात ती हातोड्याखाली जाते आणि घंटागाडीत टाकली तर गाडीतच दाबली जाते. 2022 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण एका बॅटरीसाठी माझ्या गाळ्यावर कोण येणार? डबा भरला की मी ई-कचरा घेणाऱ्याला फोन करतो. नानांना हे फारसं पटलं नाही. जाताना दोनदा बोळाकडे पाहिलं त्यांनी.

ते गेल्यावर रजिस्टर काढलं. दहा नगांपैकी एक वाळूत. उरलेल्या नऊ जणांचे नंबर होते. संध्याकाळी शटर अर्धं ओढून एकेकाला फोन लावत बसलो. दोघांनी लॅपटॉप विकला होता. एकाला वाटलं, मी नवीन बॅटरी खपवायला फोन केलाय. चौघं म्हणाले, काही तक्रार नाही. त्यांनाही आणून दाखवा म्हटलं. एकाचा नंबर बंद.

शेवटचा फोन इंदिरानगरच्या एका ताईंना. मुलीच्या ऑनलाइन क्लाससाठी घेतलेला लॅपटॉप.

"नाही हो, छान चालतोय," त्या म्हणाल्या. "फक्त ते टचपॅड जरा वर आल्यासारखं वाटतं. पण चालतंय."

"ताई, चार्जर लावलेला आहे का आत्ता?"

"हो, आमचा कायम लावलेलाच असतो."

"आधी तो काढा," मी म्हणालो. "मी येतोच तिकडे." आणि पोऱ्याला वाळूची दुसरी बादली भरायला सांगितली.